तपासणी फुकट, पण खाड्याचे पैसे कोण देणार?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचं शिबिर पुन्हा बुधवारी सकाळी अकराला! त्या वेळी धुणीभांडी करणारी बाई तिसऱ्या घरी असते, बांधकामावरची पाट्या वाहत असते. ही व्हीआयए तपासणी म्हणजे गर्भाशयमुखाला ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिडचा बोळा लावायचा, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग, म्हणजे कर्करोगाआधीच्या बदलांची संभाव्य खूण, उमटतो का बघायचं. प्रशिक्षित नर्सही करते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलने याच तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी करून दाखवले. मग संध्याकाळी सातला का नको? त्यात पाळी चालू असली की ‘पुढच्या वेळी या’, डाग दिसला की ‘जिल्हा रुग्णालयात जा’. म्हणजे आणखी दोन खाडे, आणि नेमकं तिथेच बायकांचं राहून जातं. थर्मल ॲब्लेशनचं, म्हणजे तो डागाचा भाग उष्णतेने जाळून टाकायचं, यंत्र हातात मावतं. ते आरोग्य केंद्रातच ठेवा ना!