सत्तावीस नक्षत्रं आणि एक दांडा

आल्फा रोमिओची जीटीव्ही सिक्स पुढून पाहावी, बाजूने पाहावी, तिचा आवाज तर जरूर ऐकावा. खालून पाहू नये. पण थरथर सुरू झाली की खालूनच पाहावं लागतं. मग पाठीखाली पुठ्ठा, कपाळावर गंजाचा भुगा आणि डोळ्यांसमोर तो लांबलचक प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाचा जोर मागे नेणारा फिरता दांडा.

बाकीच्या गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्स एकत्र कुटुंबासारखे पुढे नांदतात. आल्फाने 1972 च्या आल्फेटापासून वाटण्या केल्या. इंजिन पुढे राहिलं. क्लच, गिअरबॉक्स, डिफरन्शियल (दोन चाकांत जोर वाटणारी पेटी) आणि मागचे ब्रेकसुद्धा मागच्या खोलीत गेले. हेतू उदात्त, वजन पुढेमागे जवळपास निम्मंनिम्मं. घराणंही थोर. फारिनाला 1950 साली आणि फान्जिओला 1951 साली जगज्जेतेपद मिळवून देणाऱ्या रेसच्या गाडीलाही आल्फेटाच म्हणत, आणि तिचाही गिअरबॉक्स मागेच होता. फरक इतकाच, की ती गाडी उघडायला पगारी मेकॅनिकांची फौज होती आणि आपल्याकडे एक जॅक असतो.

या वाटण्यांमुळे शाफ्ट थेट इंजिनाला बांधला गेला. साध्या गाडीत पहिल्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्यांवर किंचाळत असलं तरी शाफ्ट 2000 च्या आत रमतगमत फिरतो. इथे इंजिन 6000 तर शाफ्टही 6000. गाडी सिग्नलला न्यूट्रलमध्ये उभी असली तरी हा आपला फिरतोच. क्लच त्याच्या मागे असल्यामुळे पेडल दाबूनही थांबत नाही.

निदान मात्र त्यामुळेच सोपं होतं. गाडी उभी ठेवा, न्यूट्रलमध्ये हळूहळू रेस वाढवा. 3000 च्या आसपास बुडाखाली गुणगुण आणि 4000 ला आरसा धूसर, असं झालं तर चाकं निर्दोष. तरीही लोक आधी चाकांचं बॅलन्सिंग करून येतात. मग टायर बदलतात. माणसाला स्वस्तातला गुन्हेगार हवा असतो.

असमतोल म्हणजे किती? शाफ्टच्या मध्यरेषेपासून 40 मिलिमीटरवर फक्त 10 ग्रॅम जास्त आहेत असं धरा. 3000 फेऱ्यांना ते 10 ग्रॅम 4 किलोच्या जोराने ओढतात. वेग दुप्पट केला की जोर चौपट, म्हणजे 6000 ला 16 किलो. तेही दर सेकंदाला शंभर वेळा दिशा फिरवत. थोडक्यात, पिठाची लहान गोणी घेऊन कोणीतरी सीटखाली गरबा खेळतंय.

तरी शाफ्ट काढून थेट बॅलन्सिंगवाल्याकडे पळू नका. माझं स्पष्ट मत आहे की बॅलन्सिंग हा शेवटचा विधी आहे. आधी रबर तपासायचं. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा, पण त्याला युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वळणारे लोखंडी सांधे, नाहीत. त्याऐवजी पुढे, मध्ये आणि मागे अशा तीन जाड रबरी चकत्या आहेत. नाव जूबो, म्हणजे इटलीच्या आंतोनिओ बोस्कीचा जॉइंट, ‘जुंतो बोस्की’. इंग्रज मंडळी स्पेलिंगमधली अक्षरं उलटीपालटी करून त्याला ग्वीबो म्हणतात आणि वर आपल्यालाच सुधारतात. प्रत्येक चकतीला सहा भोकं. तीन बोल्ट एका बाजूच्या फ्लँजला, म्हणजे जोडाच्या लोखंडी तोंडाला, तीन दुसऱ्या बाजूच्या, एकाआड एक. भोकांतल्या लोखंडी नळीभोवती बॅटरी मारून बघा. रबर नळीपासून सुटलं असेल किंवा पेनाची निब शिरेल एवढी चीर असेल, तर चकती बाद. सायलेन्सरची झळ, गळकं तेल आणि वय, तिघं मिळून ती खातात. कुणी ‘तीस वर्षं जुना, पण डब्यातला, न वापरलेला’ असा जूबो कौतुकाने देऊ केला तर नम्रपणे परत करा. रबर डब्यातही म्हातारं होतं.

नवे जूबो वर्षभरात फाटले तर दोष त्यांचा नाही. इंजिनाची आणि गिअरबॉक्सची माउंटिंगं, म्हणजे त्यांना तोलणारे रबरी आधार, दबली की शाफ्ट तिरका होतो, आणि तो तिरकेपणा रबर प्रत्येक फेरीला सोसतं. माउंटिंगं त्याच खेपेला बदला. शाफ्टला मध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगभोवतीचं रबरही हाताने दाबून बघा. बेअरिंग खाली लोंबत असेल तर तेही गेलं.

शाफ्ट उतरवताना सायलेन्सर खाली, उष्णतारोधक पत्रे खाली, मग बोल्ट. वरचा बोल्ट पान्याच्या टप्प्यात आणायला शाफ्ट फिरवावा लागतो आणि शाफ्टबरोबर सहा सिलिंडरचं इंजिन फिरतं. स्पार्क प्लग आधी काढून ठेवा, नाहीतर प्रत्येक बोल्टमागे कॉम्प्रेशनशी पंजा लढवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, जे पाच रुपयांच्या रंगात होतं: खुणा. काहीही सोडवण्याआधी फ्लायव्हीलवर (इंजिनाच्या टोकाच्या जड चाकावर), शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर आणि क्लचवर एका रेषेत पांढरा रंग लावा. तीन बोल्टांचा फ्लँज तीन प्रकारे बसतो आणि जोड तीन आहेत. तीन गुणिले तीन गुणिले तीन, सत्तावीस. नक्षत्रं जेवढी, तेवढ्याच जोडण्या, आणि कारखान्याने पत्रिका जुळवलेली एकच. खडूने खूण केलीत तर ती रॉकेलने धुताना जाते. मग बसा मुहूर्त काढत.

बॅलन्सिंगवाल्याला आधी दोन गोष्टी विचारा. तीन हातांच्या फ्लँजला धरणारे अडॅप्टर आहेत का, आणि मधल्या बेअरिंगला तिसरा आधार देता येतो का? नसतील तर तो दोन तुकडे वेगवेगळे फिरवून ‘एकदम ओके’ म्हणेल आणि थरथर तशीच राहील. नवे जूबो आणि नवं बेअरिंग लावून, खुणा जुळवून, अख्खा शाफ्ट न्यायचा. आधी डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावून नळी सरळ आहे का पाहायला सांगा. काटा 0.2 मिलिमीटर हलला म्हणजे मध्य 0.1 ने सरकलाय. शाफ्ट 8 किलोचा धरला तर तो असमतोल 40 मिलिमीटरवरच्या 20 ग्रॅमएवढा. चांगल्या शाफ्टसाठी वापरतात त्या जी 16 या समतोलाच्या दर्जात 6000 फेऱ्यांना मध्य सुमारे 0.025 मिलिमीटरच सरकलेला चालतो, केसाच्या जाडीहून कमी. वाकडी नळी वजनं डकवून सरळ होत नाही. आणि वजनाच्या पट्ट्या वेल्ड करताना तो जूबोवर ओला फडका टाकतो की नाही, तिथे उभं राहून बघा.

रबरी नळीच्या दोन क्लिपा शाफ्टला आवळून, त्यांची डोकी इकडेतिकडे फिरवत घरीच समतोल साधायचा जुना जुगाड आहे. साध्या गाडीत तो चालतोही. 6000 फेऱ्यांवर सुटलेली क्लिप मात्र तुमच्या सीटच्या दिशेने येऊ शकते. मी नाही म्हणेन.

परत बसवताना नवा जूबो लोखंडी पट्टीने करकचून बांधलेला येतो. ती पट्टी बघून हात शिवशिवतात. कापू नका. ती सुटली की रबर फुगतं, भोकं लांब जातात आणि सहावा बोल्ट काही केल्या शिरत नाही. सगळे बोल्ट बसवा. आवळताना बोल्टचं डोकं धरून ठेवा आणि नट फिरवा. उलट केलंत तर आतली नळी पिळते आणि रबर पहिल्याच दिवशी मुरगळलेलं राहतं. नट सेल्फ-लॉकिंग आणि नवेच.

पट्ट्या कापायच्या त्यानंतर, आणि कापलेल्या पट्ट्या ट्रेमध्ये टाकून मोजायच्या. तीन भरल्या तर पत्रे आणि सायलेन्सर वर चढवा. सायलेन्सर चढवून झाल्यावर मोजल्यात आणि दोनच भरल्या, तर चहा घ्या, पुठ्ठा पुन्हा पसरा आणि सायलेन्सर उतरवा.