चांदोलीत फक्त बस न्या

मंडळी, चांदोली राष्ट्रीय उद्यानात खासगी गाड्यांना बंदी घालावी आणि सगळ्यांना बसनेच आत न्यावं, असं माझं ठाम मत आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही गल्लीतल्या लोकांनी मिनीबस ठरवली आणि शिराळा, मणदूर करत आत गेलो, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही.

चांदोलीत रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारवीची झुडपं माजलेली असतात, पुरुषभर उंच. कारमधून पानांची भिंत तेवढी दिसते. बसच्या सीटवरून नजर त्या भिंतीवरून पलीकडे जाते. आम्हाला गवे दिसले ते त्यामुळेच. शेजारच्या काकू हळूच म्हणाल्या, "थांबवा की, काळं काहीतरी हाय तिकडं." चालकानं इंजिन बंद केलं. आधी नुसती पाठ दिसली, मग खांद्याचा उंचवटा, मग त्यानं मान वळवली. कपाळ राखाडी, पाय गुडघ्यापर्यंत पांढरे. नाकातून मोठा फुत्कार सोडला आणि आमच्याकडे रोखून बघत उभा राहिला. मागे तांबूस रंगाचं पिल्लू. बसमधली पोरं श्वास रोखून बसली होती. तेवढ्यात मागून एक कार आली, हॉर्न वाजला आणि अख्खा कळप कारवीत घुसला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्या हॉर्नचा राग मला अजून येतो.

अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात हे कधीच करून झालंय. नवा महामार्ग झाला, गर्दी वाढणार हे दिसलं, तशा १९७२ पासून तिथे बस सुरू झाल्या. उन्हाळ्यात साधारण २४ किलोमीटरच्या पुढे खासगी गाडी जात नाही. कुणाला अस्वल किंवा रेनडियर दिसलं की तो ओरडतो, बस थांबते, सगळे बघतात. समोर ६,१९० मीटरचा डेनाली डोंगर, ढग हटले तर. आणि लांब कशाला जायचं? आपल्या कासला फुलांच्या हंगामात गाड्या लांब पार्किंगला लावून बसने जातोच की आपण. तिथे जमतं ते चांदोलीत का जमू नये?

हे आत्ताच व्हायला हवं. चांदोली ज्यात येतं तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, पण वाघ क्वचितच असायचे. आता ताडोब्याकडून वाघीण आणून सोडलीय, म्हणजे 'वाघ दाखवा' म्हणत येणाऱ्यांची रीघ लागणार. इथलं जंगल दाट, डोंगर उभे; वाघ पटकन दिसण्यातला नाही. त्याच्या मागे गाड्या पळवून हाती काही लागणार नाही, पण शेकरू, भेकर, धनेश मात्र रस्त्यापासून लांब जातील. झोळंबीच्या सड्यावरून, म्हणजे खडकाळ पठारावरून, खाली पसरलेलं वारणा धरणाच्या वसंत सागर जलाशयाचं पाणी बघायला तर वाघ लागतही नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात, ट्रेक तिला शक्य नाही. तिनं ते पाणी खिडकीतून मनसोक्त पाहिलं.

आणखी एक. गोठणे, झोळंबी अशी कितीतरी गावं धरणासाठी आणि जंगलासाठी उठली. त्यांची भातशेतं आता कुरणं झालीत, गवे तिथे चरतात. आमच्या गाईडनं एका आंब्याखाली घराचं जोतं दाखवलं, दगड अजून जागचे हलले नव्हते. त्या बसमध्ये गाईड म्हणून विस्थापित कुटुंबातलीच मुलं पगारावर घ्या. आपल्या आजोबांच्या शेतात गवे कुठल्या वेळेला उतरतात हे त्यांना घरातूनच कळलेलं असतं. भाडं एसटीइतकं ठेवा, शनिवार-रविवारी कराड आणि सांगलीहून थेट गाडी सोडा, शाळांना सवलत द्या. वन विभागाला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना मी पत्र लिहिलंय. मजकूर कमेंटमध्ये टाकतो, आपापल्या नावानं तुम्हीही पाठवा.