‘सगळ्यात गोड मका लावा’ या मेसेजला उत्तर

शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘स्वीट कॉर्नचं सगळ्यात गोड हायब्रीड आणा. शेजारी काहीही असो, कुठल्याही महिन्यात लावा, 75 दिवसांत माल बाहेर. पुढच्या वर्षी बी घरचंच.’ यावर विसंबून कुणी बियाण्याच्या पिशव्या उचलू नयेत, म्हणून लिहितोय.

‘शेजारी काहीही असो.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. दुधाच्या पट्ट्यात बांधाला लागून मुरघासाचा, म्हणजे जनावरांसाठी हिरवा चारा मुरवून ठेवायचा, मका असतोच. त्याचा तुरा (शेंड्यावरचा पराग देणारा फुलोरा) आणि आपल्या कणसाचे केस एकाच वेळी आले, की नुकसान त्याच कणसात दिसतं. केसाची एकेक तार एकेका दाण्याची. ज्या तारेवर साध्या मक्याचा पराग पडला, तो दाणा पिठूळ होतो. व्यापारी एक कणीस सोलतो, चार दाणे चावून बघतो आणि अख्ख्या गाडीचा भाव पाडतो. साधी गोड आणि अतिगोड जात शेजारी लावली तरी हेच. त्यामुळे निदान 250 मीटर अंतर ठेवा. ते जमत नसेल तर दोन्ही पिकांचा फुलोरा दोनतीन आठवडे मागेपुढे येईल अशी लागवड करा. दुकानदाराला गोडी विचारण्याआधी विचारा, तुरा किती दिवसांत येतो?

‘सगळ्यात गोड.’ अतिगोड जातीचं बी हातात घेऊन पाहा: सुरकुतलेलं, हलकं. स्टार्च कमी, म्हणून कोंबाला शिदोरीही कमी. थंड, चिबड (पाणी साचणाऱ्या) जमिनीत ते कुजतं. वाफशावर, म्हणजे जमीन ओलसर पण मोकळी असताना, उथळ टोकावं. मात्र तोडणीनंतर अतिगोड कणसाची साखर टिकते, साध्या गोड जातीची भराभर उतरते. माल लांब वाशीच्या बाजार समितीत जाणार असेल तर अतिगोडच हवी. गावातच ताजी कणसं विकणाऱ्याचं साध्या गोड जातीवरही भागतं.

‘कुठल्याही महिन्यात, 75 दिवस.’ डिसेंबरच्या थंडीत पीक रेंगाळतं. मे महिन्यात 40 अंशांच्या पुढे पराग निकामी होतो, केस सुकतात आणि कणसात दाणे विरळ भरतात. पिशवीवरचे दिवस मोजून तोडणी करू नका. केस आल्यापासून साधारण 18 ते 22 दिवसांनी ते तपकिरी पडतात. तेव्हा दाण्यात नख रोवा, दूध आलं की तोडा.

‘बी घरचंच.’ हायब्रीडच्या पुढच्या पिढीत झाडं एकसारखी राहत नाहीत, तोडणी एकदम येत नाही. घरचं बी हवंच असेल तर ‘माधुरी’, ‘प्रिया’ असे संमिश्र (हायब्रीड नसलेले, खुल्या परागीकरणाने टिकणारे) वाण आहेत. त्यांचं बी राखता येतं, पण साध्या मक्यापासूनचं अंतर तिथेही पाळावं लागतं.