पडद्यावरच्या नंबरावर फोन करू नका : ‘सात रामबाण उपायां’चा प्रतिवाद

‘तुमच्या संगणकात हेर शिरला आहे! हाकलण्याचे सात रामबाण उपाय’ या शीर्षकाचा एक संदेश गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो चार वेळा आला आणि चारही वेळा मी तो पुसून टाकला. पाचव्यांदा तो सांगलीला विश्रामबागेत राहणाऱ्या माझ्या मामांकडे पोहोचला. मामा निवृत्त मुख्याध्यापक आहेत; त्यांनी तो वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून घेतला आणि एकेका उपायापुढे बरोबरची खूण करत ते सातव्यापर्यंत गेले. त्या संध्याकाळी मामींचा साताऱ्याला मला फोन आला नसता, तर मामांच्या निवृत्तिवेतनाच्या खात्याचे काय झाले असते हा विचार अजूनही मनातून जात नाही. म्हणून हे उत्तर लिहितो आहे.

हेर म्हणजे संगणकात लपून माहिती चोरणारा प्रोग्राम. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : विंडोजच्या सिस्टिम-३२ या फोल्डरमधल्या ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या जादा फाइली पुसा, ब्राउझरचा इतिहास पुसून पुढे इनकॉग्निटोमध्येच, म्हणजे इतिहास न ठेवणाऱ्या खिडकीतच, काम करा, दोन-तीन अँटिव्हायरस एकाच वेळी टाका, क्रोममधला ‘क्लीन अप’ हा पर्याय चालवा, खाली दिलेल्या दुव्यावरून रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही, साफ करणारा मोफत प्रोग्राम घ्या, एवढे करून भागले नाही तर फॉरमॅट मारा, म्हणजे सगळे पुसून विंडोज नव्याने टाका, आणि पडद्यावर लाल सूचना आली तर संगणक बंद न करता तिच्यातल्या नंबरावर लगेच फोन करा, तज्ज्ञ दुरून हेर काढून देतील.

मी सातव्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या सहा उपायांनी फार तर संगणक बिघडेल, सातव्याने घर धुऊन निघेल. ती लाल सूचना म्हणजे एक साधे वेबपान असते. ते पडदाभर पसरते, भोंग्यासारखा आवाज करते, ‘संगणक कुलूपबंद केला आहे’ असे सांगते आणि खाली फोन नंबर दाखवते. त्या पानाला तुमच्या संगणकात काय आहे हे कळलेले नसते. ते सगळ्यांना तेच सांगते. विंडोज बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतीच्या पानावर निःसंदिग्ध लिहिले आहे की, त्यांच्या त्रुटींच्या किंवा धोक्याच्या सूचनांमध्ये फोन नंबर कधीही नसतो. माझ्या मते हा सगळा वाद या एका वाक्यावर मिटायला हवा. सूचनेत नंबर दिसला की ती सूचना खोटी आहे, मग तिच्यावर कोणतेही बोधचिन्ह असो.

मामांनी नंबर फिरवला. पलीकडचा माणूस शुद्ध हिंदीत, अत्यंत अदबीने बोलला. त्याने मामांना विंडोजची कळ आणि आर दाबायला लावून इव्हेंट व्ह्यूअर उघडायला सांगितले आणि तिथल्या लाल खुणांची लांबलचक यादी दाखवून, ‘या पाहा, एवढ्या ठिकाणी हेर बसले आहेत’, असे ठासून सांगितले. ही यादी धडधाकट संगणकातही असते. एखादी सेवा दोन सेकंद उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी विंडोज तिथे नोंद करून ठेवते. पण आयुष्यभर लाल शाईने चुका दाखवलेल्या शिक्षकाला एवढ्या लाल खुणा एकदम दिसल्यावर तो घाबरला, यात त्याचा काय दोष? पुढची पायरी ठरलेली होती. फोनवरच्या माणसाने एनीडेस्क उतरवून घ्यायला लावले, पडद्यावर आलेला आकडा वाचून दाखवायला सांगितले आणि दहा रुपये सेवाशुल्क भरण्यासाठी बँकेचे पान उघडा, असे म्हटले. मामी तेव्हा शेजारी उभ्या होत्या. दहा रुपयांसाठी एवढी घाई कशाला, ही शंका त्यांना आली आणि त्यांनी मला फोन लावला. मी त्यांना एवढेच सांगितले, ‘मामी, आधी वायफायच्या डब्याचे बटण बंद करा.’ त्यांनी ते केले.

एनीडेस्क हा प्रोग्राम वाईट नाही. दूरच्या संगणकावर काम करण्याचे ते एक रीतसर साधन आहे आणि मीही ते वापरतो. पण त्याचा आकडा अनोळखी माणसाला देऊन पुढची परवानगी देणे म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देणे आहे. एनीडेस्क उतरवायला लावायचे, नऊ अंकी आकडा विचारायचा आणि खाते रिकामे करायचे, या पद्धतीबद्दल रिझर्व्ह बँकेने १४ फेब्रुवारी २०१९ रोजीच बँकांना सावध केले होते. एवढ्या जुन्या युक्तीला २०२५ नंतरही ‘रामबाण उपाय’ म्हणून पुढे ढकलले जाते, याचा मला मनस्वी राग येतो.

ज्यांना वाटते की पैसे गेलेच तर बँक भरून देईल, त्यांनी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक समजून घ्यावे. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना पैसे गेले आणि बँकेकडून सूचना आल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने कळवले, तर त्याच्यावर भार पडत नाही, असे ते म्हणते. मात्र ग्राहकाने स्वतःच गोपनीय तपशील दुसऱ्याला दिल्यामुळे नुकसान झाले असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याच्याच माथी मारले आहे. पडद्यावरच्या नंबराला फोन करून जो आपल्या हाताने ओटीपी सांगतो, तो नेमका या दुसऱ्या कलमात सापडतो.

‘संगणक बंद करू नका’ हेही धादांत खोटे आहे. तुम्ही थांबून राहावे, ही त्या ठगाची गरज असते. अशी लाल सूचना आली तर एस्केपची कळ काही क्षण दाबून धरावी, म्हणजे बहुधा पडदा मोकळा होतो आणि ते पान बंद करता येते. तसे न झाल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडावा, तिथून ब्राउझर संपवावा, आणि पुन्हा उघडताना ‘आधीची पाने परत आणू का’ या प्रश्नाला नकार द्यावा. तेही जमत नसेल तर सरळ संगणक बंद करावा.

आता पहिला उपाय, म्हणजे एसव्हीसीहोस्टच्या फाइली पुसणे. हा अज्ञानाचा कळस आहे. एसव्हीसीहोस्ट ही विंडोजच्या अंतर्गत सेवा चालवणारी फाइल आहे. टास्क मॅनेजरमध्ये तिची नावे पन्नास-साठ वेळा दिसतात ती हेरांची म्हणून नव्हे; २०१७ च्या विंडोज १० पासून, साडेतीन जीबीपेक्षा जास्त मेमरी असलेल्या संगणकावर बहुतेक सेवा वेगवेगळ्या चालवल्या जातात, म्हणून. फाइल एकच असते, तिची कामे अनेक असतात. मामांनी ती पुसायचा प्रयत्न केला तेव्हा विंडोजने परवानगी नाकारली, म्हणून संगणक वाचला. २००२ साली ई-मेलवरून असाच एक निरोप जगभर फिरला होता. टेडी अस्वलाचे चित्र असलेली एक फाइल म्हणजे विषाणू आहे, ती पुसा, असे तो सांगत होता. ती विंडोजबरोबर येणारी, जावाशी संबंधित निरुपद्रवी फाइल होती आणि असंख्य लोकांनी ती स्वतःच्या हाताने पुसली. या उपायात सत्याचा एवढाच अंश आहे की, काही घातक प्रोग्राम एसव्हीसीहोस्टशी मिळतेजुळते नाव घेतात, कधी त्यातल्या व्ही आणि सी या अक्षरांची अदलाबदल करून. शंका आल्यास टास्क मॅनेजरमधल्या त्या नावावर माउसची उजवी कळ दाबून फाइलची जागा पाहावी. ती विंडोजच्या सिस्टिम-३२ मध्ये असेल तर तिला हात लावू नये.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या उपायांवर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. इनकॉग्निटोमुळे त्याच संगणकावर इतिहास उरत नाही, एवढेच होते. संगणकात बसलेला हेर कळफलकावरची अक्षरे तशीही टिपतो. दोन अँटिव्हायरस एकाच वेळी पहाऱ्याला बसवले तर ते एकमेकांच्या कामात अडथळा आणतात आणि संगणक रांगू लागतो. बाहेरचा अँटिव्हायरस टाकला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर पहाऱ्यातून बाजूला होतो तो याच कारणाने. आणि अनोळखी दुव्यावरचा ‘मोफत सफाई’ प्रोग्राम हा तर अशा उपद्रवांचा नेहमीचा वाहक आहे. मोफत साधन हवेच असेल, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर ते मिळते.

चौथा उपाय एके काळी खरा होता, हे मान्य केले पाहिजे. क्रोममध्ये सफाईचे साधन होते. पण गूगलने मार्च २०२३ मध्ये, १११ व्या आवृत्तीपासून, ते काढून टाकले. नसलेले बटण मामा तासभर शोधत बसले होते.

फॉरमॅटचा सहावा उपायही निम्मा खरा आहे, आणि हे मी नाइलाजाने कबूल करतो, कारण लोक त्यातले निम्मेच ऐकतात. हेर खोलवर गेला असेल तर विंडोज नव्याने टाकणे हा पक्का मार्ग आहे. परंतु मामांच्या शेजारच्या घरी ब्राउझरमध्ये भलतेच शोधपान येऊ लागले म्हणून दुकानदाराने संगणक फॉरमॅट करून दिला, नातीच्या बारशाचे फोटो त्यात गेले, आणि संध्याकाळी क्रोममध्ये गूगल खाते जोडताच तेच शोधपान पुन्हा हजर झाले. क्रोमचे सिंक खात्यातली एक्स्टेन्शने, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, आणि सेटिंग परत आणून ठेवते. म्हणून उपद्रवी एक्स्टेन्शन आधी काढायचे असते. शिवाय चोरीला गेलेला पासवर्ड फॉरमॅटने परत येत नाही.

रविवारी एसटीने सांगली गाठली आणि मामांचा संगणक उघडला. त्यात हेर नव्हता, ब्राउझर बळकावणारा प्रोग्राम होता. पहिला तुमची माहिती चोरतो, दुसरा तुमचे शोध आणि मुखपृष्ठ आपल्या जाहिरातींच्या पानांकडे वळवून पैसे कमावतो. मामा शाळेच्या स्मरणिकेसाठी जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्राम शोधत होते. जे पान मिळाले त्यावरचे सर्वांत मोठे हिरवे ‘डाउनलोड’चे बटण प्रत्यक्षात जाहिरात होते, आणि उतरवलेल्या वस्तूत आणखी तीन गोष्टी ‘मला मान्य आहे’ या चौकटीआड बसल्या होत्या. वापरणाऱ्याने नकळत का होईना संमती दिलेली असते, म्हणून अनेकदा अँटिव्हायरस अशा प्रोग्रामांना विषाणू म्हणत नाही. विंडोज सिक्युरिटीत ‘रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन’ या ठिकाणी नको असलेले प्रोग्राम अडवण्याची सोय असते. ती चालू करावी.

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या यादीत तळाशी, हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून व्यवस्थापित होतो, अशा अर्थाची ओळ होती. मामांनी ती कधीच वाचली होती आणि ती आपल्या शिक्षण संस्थेने टाकली असेल, असे समजून निश्चिंत राहिले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षे झालेल्या माणसाच्या घरच्या संगणकावर ही ओळ दिसणे हाच खरा इशारा होता. काही अँटिव्हायरसमुळेही ती येते हे खरे, परंतु इथे रजिस्ट्रीत क्रोमसाठी सक्तीचे धोरण, म्हणजे वापरणाऱ्याला बदलता न येणारे सेटिंग, लिहिले गेले होते आणि त्यामुळे ब्राउझर बळकावणाऱ्या एक्स्टेन्शनचे ‘काढा’ हे बटणच नाहीसे झाले होते. मी ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’ची यादी तारखेनुसार लावून त्या दिवशीचे तिन्ही प्रोग्राम काढले, मामा नको म्हणत असतानाही एनीडेस्क काढले, धोरणाची ती नोंद पुसली आणि मग एक्स्टेन्शन हटवले. तरीही डेस्कटॉपवरच्या चिन्हातून क्रोम उघडले की भलतेच पान यायचे. त्या चिन्हाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’च्या ओळीत क्रोमच्या फाइलनंतर एक पत्ता चिकटवलेला होता; तो खोडल्यावर ती खोड गेली. कोपऱ्यात सारखी येणारी ‘व्हायरस सापडला’ ही सूचना तर एका संकेतस्थळाला नोटिफिकेशनची परवानगी दिल्याने येत होती. साइट सेटिंगमधून ती परवानगी काढून घेतली. शेवटी डिफेंडरचे ऑफलाइन स्कॅन चालवले. त्यात संगणक बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि विंडोज पूर्ण उघडण्यापूर्वीच तपासणी होते. साधारण पाव तास लागतो.

या सात उपायांत कुठेही पासवर्डचा उल्लेख नाही, हा त्या संदेशाचा सर्वांत घातक दोष आहे. अनोळखी माणसाच्या हाती संगणक गेला असेल किंवा खरोखरच हेर सापडला असेल, तर ई-मेल आणि बँक यांचे पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून बदलावेत, त्यातही ई-मेलचा आधी, कारण बाकीच्यांचे पासवर्ड त्यावरूनच बदलता येतात. त्यानंतर खात्याच्या सुरक्षा पानावरून इतर सर्व उपकरणांवरचा प्रवेश बंद करावा. चोरलेल्या कुकीच्या, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रवेशाच्या नोंदीच्या, आधारे पासवर्डाशिवायही खात्यात शिरता येते. मामांचे पासवर्ड आम्ही मामींच्या फोनवरून बदलले.

तुमच्या घरी कोणी हा सातवा उपाय आधीच करून बसले असेल, तर त्यांच्यावर ओरडण्यात वेळ घालवू नका. इंटरनेट तोडा, खात्यातून पैसे गेले असोत वा नसोत बँकेला कळवून नेट बँकिंग आणि कार्ड बंद करवून घ्या, आणि पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर त्याच घटकेला तक्रार नोंदवा, कारण ती रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वीच गोठवता येण्याची शक्यता असते. बँकेचा फोन नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या. इंटरनेटवर शोधू नका, कारण ज्या ब्राउझरात तो शोधाल तोच अजून दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो.