राजीनाम्याशिवाय हातात होतं काय?

आज एका ग्रुपवर वाचलं, "सांख्यिकी खात्यातले साहेब एसीत बसून आकडे जुळवतात." डोकंच फिरलं.

पी. सी. मोहनन आठवतात? भारतीय सांख्यिकी सेवेतले अधिकारी, निवृत्तीनंतर राष्ट्रीय सांख्यिकी आयोगावर (सरकारी आकडेवारीवर नजर ठेवणारी संस्था), शेवटी कार्यकारी अध्यक्ष. 5 डिसेंबर 2018 ला आयोगाने 2017-18 च्या श्रमबल पाहणीचा, म्हणजे किती जण कामावर आणि किती बेकार हे मोजणाऱ्या पाहणीचा, अहवाल मंजूर केला. बेरोजगारी 6.1 टक्के. अहवाल मात्र बाहेर येईना. 28 जानेवारी 2019 ला मोहनन आणि आयोगाच्या सदस्य जे. व्ही. मीनाक्षी दोघांनीही राजीनामे दिले.

जुळवलेला आकडा म्हणे! 7,014 गावं, 5,759 शहरी गट, 1,02,113 घरं. प्रगणक टॅबलेट घेऊन दारात उभा. शहरात त्याच घरी चार वेळा जायचं, आणि दुसऱ्या फेरीला घराला कुलूप. वर व्याख्याही सरकारच्याच सोयीची: वर्षातला बराच काळ काम शोधण्यात गेला, पण एरवी 30 दिवस कुठे राबलात, तरी तुम्ही "कामावर". इतक्या ढिल्या चाळणीतून गाळूनही 6.1!

हो, 2011-12 च्या पाहणीतल्या 2.2 टक्क्यांशी थेट तुलना नको, मान्य. आधी घरं ऐपत आणि कमाईच्या साधनावरून निवडायचे, या वेळी घरात दहावी झालेले किती यावरून. पण शिकलेल्यांची घरं जास्त घेतली म्हणून बेरोजगारी आपोआप फुगत नाही. प्रत्येक घराला गुणक असतो, म्हणजे ते एक घर किती घरांच्या वतीने मोजायचं तो आकडा. ज्या प्रकारची घरं प्रमाणाबाहेर निवडली, त्यांचा गुणक तेवढा लहान.

मोहनन यांना हे सगळं पाठ होतं, पण रखडलेला अहवाल बाहेर काढायची ताकद शून्य. आयोग उभा 2005 च्या सरकारी ठरावावर, त्यामागे कायदा नाही. अहवाल मंजूर करा, पण छापायचा कधी ते मंत्रालय ठरवणार. आयुष्यभर नमुने, गुणक, सारण्या यांत मान घालून बसलेल्या माणसाने एकदाच मान वर केली, तीही पद सोडताना. वाईट वाटतं हो. आरडाओरडा नाही, काही नाही.

31 मे 2019 ला, निवडणूक आटोपून शपथविधी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अहवाल आला. आकडा तोच, 6.1. नोव्हेंबरात 2017-18 ची उपभोग खर्च पाहणी (घरं कशावर किती खर्च करतात ती) तर जाहीर न करायचंच ठरलं. कारण काय, तर म्हणे माहितीचा दर्जा.

कमेंटमध्ये "पण नमुना बदलला होता ना" लिहायला धावणाऱ्यांनो, गुणकाचा परिच्छेद पुन्हा वाचा. मग भांडू.