वायर घरातली म्हणून नेट सेफ होत नाही

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या पॉवरलाइन अडॅप्टरची चर्चा जोरात आहे. मागच्या बेडरूमला वायफाय पोचत नाही, केबल ओढायची तर भिंती फोडा, त्यापेक्षा एक अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटात लावा, दुसरा बेडरूममध्ये, नेट विजेच्या वायरीतून जातं. एकाने विचारलं सेफ आहे का, तर लगेच उत्तर, वायर आपल्याच घरातली, बाहेरचा कोण कशाला येतोय! ते वाचून इथे फ्रान्सच्या ल्यों शहरात बसून राहवलं नाही, म्हणून लिहितेय.

इथे जुन्या बिल्डिंगच्या दगडी भिंती जाड, त्यामुळे हे अडॅप्टर बरेच जण वापरतात. सिग्नल मीटरपाशी थांबेलच असं नाही, तो शेजारच्या घरापर्यंत जाऊ शकतो. होमप्लग एव्ही प्रकारात १२८ बिटचं एन्क्रिप्शन (डेटाला लावलेलं कुलूप) आहे, पण बऱ्याच अडॅप्टरना कंपनीतूनच एकच कॉमन पासवर्ड येतो, 'होमप्लगएव्ही', आणि तो तसाच राहिला तर शेजाऱ्याने तसलाच अडॅप्टर लावला की तो थेट तुमच्या नेटवर्कमध्ये, मग वायफायचा पासवर्ड कितीही कडक असू दे. उपाय सोपा आहे, एकावरचं पेअर बटण दाबा, दोन मिनिटांच्या आत दुसऱ्यावरचं, दोघांचा नवा गुप्त पासवर्ड तयार होतो. (आणि स्पाइक गार्डमध्ये लावू नका, स्पीड पडतो.)

इथला लिंकी नावाचा स्मार्ट मीटरही रीडिंग वायरीतूनच पाठवतो. त्यावर गावोगाव विरोध झाला. रोजचं रीडिंग कंपनीकडे जातं, अर्ध्या तासाचं मात्र तुम्ही हो म्हटल्याशिवाय नाही, कारण त्यावरून घरात कोण कधी उठतं, गीझर कधी लागतो, माणसं गावाला गेलीत का, सगळं कळतं. तरी २०२० मध्ये सीएनआयएल या फ्रान्सच्या डेटा-प्रायव्हसी आयोगाला दोन मोठ्या वीज कंपन्यांना परवानगी नीट घेत नाही म्हणून नोटीस द्यावी लागली.

आपल्याकडे स्मार्ट मीटरवरून एवढा गदारोळ झाला पण भांडण मुख्यतः बिलाचं आणि प्रीपेडचं. बिलाची काळजी मला पटते, माझे आईबाबाही तेच बिल भरतात. पण सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये प्रायव्हसी मूलभूत हक्क म्हटलाय, २०२३ मध्ये डेटाचा कायदाही झाला, मग मीटर बसवायला आलेल्या माणसाला आणि महावितरणला हे विचारायलाच हवं की किती मिनिटांची नोंद जाते, कोण बघतं, किती दिवस ठेवता. सोसायटीच्या लेटरहेडवर विचारा, मजकूर मी लिहून देते.