मिस्टर बीनच्या तोतरेपणाचा तो मेसेज

मिस्टर बीनवरचा तो लांबलचक मेसेज पुन्हा फिरतोय. सामान्य घर, तोतरेपण, दिसण्यावरून चेष्टा, टीव्हीवाल्यांचे नकारावर नकार. मग बोलता येत नाही म्हणून न बोलणारा बीन साकारला आणि जिद्दीच्या जोरावर जग जिंकलं! आमच्या मावशीनं तो माझ्या भाच्याला पाठवला, खाली ‘बघ आणि शिक’ असं लिहून. भाचा अडखळत बोलतो. म्हणून हे लिहितेय.

सामान्य घर? बीन साकारणाऱ्या रोवन अॅटकिन्सनचे वडील शेतमालक आणि कंपनीचे संचालक. डरहॅमच्या ज्या शाळेत तो शिकला, तिथलेच ब्रिटनचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर. पुढे सेंट बीज ही खासगी निवासी शाळा, न्यूकॅसलला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, ऑक्सफर्डला एमएस्सी.

नकारांचं म्हणाल तर सनावळी बघा. १९७६ मध्ये ऑक्सफर्डच्या मंडळींबरोबर एडिंबराचा कला महोत्सव, १९७९ मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, बीबीसीवर विनोदी कार्यक्रम ‘नॉट द नाइन ओ’क्लॉक न्यूज’, १९८१ मध्ये बाफ्टा हा ब्रिटनचा मानाचा पुरस्कार. दारोदार फिरला कधी?

आणि ‘बोलता येईना म्हणून मुका बीन’ हे तर धादांत खोटं. बीन टीव्हीवर आला १ जानेवारी १९९० ला. त्याआधीची दहा वर्षं हा माणूस बोलूनच गाजला होता! १९८३ ते १९८९ मधली त्याची ‘ब्लॅकअॅडर’ ही विनोदी मालिका बघा, एकेक लांबलचक वाक्य आणि एकेका शब्दाला धार. हजेरी घेणाऱ्या मास्तरांचं त्याचं प्रहसन तर नुसत्या आडनावांच्या उच्चारांवर उभं आहे. बीनचं पात्र ऑक्सफर्डच्या दिवसांपासून त्याच्याजवळ होतं. १९८७ मध्ये मॉन्ट्रियलच्या विनोद महोत्सवात त्यानं ते मुद्दाम फ्रेंच भाषिक प्रेक्षकांपुढे केलं, भाषेवाचून हशा येतो का ते बघायला.

तोतरेपण खरं आहे, तेवढं मान्य. ते येतं-जातं, दुसऱ्याच्या भूमिकेत शिरलं की नाहीसं होतं आणि कदाचित म्हणूनच आपण या क्षेत्राकडे वळलो, असं त्यानंच २००७ मध्ये ‘टाइम’ मासिकाला सांगितलंय. म्हणजे बीन जगभर पोचल्यावरही ते होतंच ना? जिद्दीनं ते पळवून लावल्याची गोष्ट अडखळणाऱ्या पोराला ऐकवली, की त्याला एवढंच कळतं: मी अजून अडखळतो, म्हणजे माझीच जिद्द कमी पडते. वर ‘न बोलता मोठा झाला’ म्हणजे काय, गप्प बस?

मावशी, तो मेसेज पुसून टाक. आणि भाचा बोलत असताना मध्येच शब्द पुरवू नकोस, त्याचं वाक्य त्याला पुरं करू दे.